तिकिटाची कुस्ती

1944 साली मुंबईतल्या एका स्टेडियमवर वीसेक हजार माणसं जमली होती. हमीदा बानू या स्त्री-पहिलवानाची कुस्ती गुंगा पहिलवानाशी लागणार होती. ऐन वेळी गुंगा अडून बसला: पैसे वाढवा, तयारीला वेळ द्या. कुस्ती रद्द झाली आणि खवळलेल्या लोकांनी स्टेडियमची मोडतोड केली.

गावच्या जत्रेत हे सहसा होत नाही. तिथं रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या सुरू होतात, हलगी कडाडत असते, उन्हं कलली की मोठ्या जोडी लागतात. एखादा मल्ल आला नाही तर पंच दुसरी जोड ठरवतात. इनाम वर्गणीतून निघालेलं असतं. अर्धा तास नुसती खडाखडी होऊन कुस्ती बरोबरीत सोडवली, तरी लोक कुरकुरतात आणि पुढची बघतात. शहरात खिशातून पैसे मोजलेल्या माणसाला मात्र निकाल हवा असतो, आणि तोही भाईंदर-विरारची शेवटची लोकल चुकायच्या आत. धंदेवाईक कुस्तीची निम्मी गोष्ट या अडचणीतून निघाली, असं माझं मत आहे.

पुरावा लंडनचा. 10 सप्टेंबर 1910 रोजी गामा पहिलवान आणि पोलंडचा झ्बिश्को समोरासमोर आले. गामानं त्याला लगेच खाली घेतलं, आणि मग झ्बिश्को पालथा पडून गादीला जो चिकटला तो उठेचना. अडीच तासांहून जास्त वेळ हेच चाललं. शेवटी कुस्ती अनिर्णित राहिली. आठवड्यानं पुन्हा लढायचं ठरलं होतं, तर झ्बिश्को आलाच नाही. लढत शंभर टक्के खरी होती आणि बघायला महाकंटाळवाणी. (18 वर्षांनी पतियाळ्यात गामानं त्याला मिनिटाच्या आत चितपट केलं, पण लंडनकरांना त्याचा काय उपयोग?)

यावरचा तोडगा अमेरिकेत निघाला. 1920च्या दशकात एड लुईस हा मल्ल, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी कुस्तीला वेळेची मर्यादा घातली, फेकाफेकीचे डाव आणले आणि निकाल आधी ठरवायची जुनीच रीत पक्की केली. आखाडाही त्याला साजेसाच. रिंगणात फळ्यांवर गादी अंथरलेली असते आणि खाली पोकळी. माणूस आपटला की धाडकन आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत याच्या उलट व्यवस्था आहे. हौदा मधोमध खाली, प्रेक्षक भोवती चढत्या उतारावर. तिथं दिसण्याची सोय केली आहे, आवाजाची नाही. लाल माती आवाज गिळून टाकते.

मुंबईत हे दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळले, आणि त्या सरमिसळीत हमीदा बानू सापडली. ती मूळची उत्तर प्रदेशातली, तालमीसाठी अलिगढला सलाम पहिलवानाकडे गेलेली. उंची पाच फूट तीन इंच, वजन 108 किलो. वर्तमानपत्रं तिचा खुराकही छापत: रोज साडेपाच लिटर दूध, एक कोंबडी, किलोभर मटण, किलोभर बदाम, सहा अंडी, दोन ताटं बिर्याणी. यातलं किती पोटात जायचं आणि किती जाहिरातीत, हा ज्याचा त्याचा अंदाज. 1954 साली तिनं जाहीर करून टाकलं, जो मला हरवील त्याच्याशी लग्न करीन. त्या वर्षी बडोद्यात बाबा पहिलवानाला तिनं 1 मिनिट 34 सेकंदांत आसमान दाखवलं. मुंबईत ‘रशियाची अस्वलीण’ म्हणून गाजवलेल्या व्हेरा चिस्टिलिनला पाडायला तर एक मिनिटही लागलं नाही.

लोकांना निकाल हवा होता, तो मिळाला. पण इतका झटपट की संशय आला. कोल्हापुरात तिनं सोमासिंग पंजाबीला पाडलं तेव्हा हुर्यो उडाली, दगड आले, पोलिसांना बोलवावं लागलं. कुस्ती नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली, वाटली की बाईनं पुरुषाला पाडलेलं पचलं नाही? मला वाटतं, दुसऱ्याला पहिल्याचं निमित्त मिळालं. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे झालीच नाही. कुस्त्यांवरच्या बंदीबद्दल तिनं थेट तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आलं की बंदी ती बाई आहे म्हणून नाही, तर आयोजक तिच्यासमोर डमी मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून.

तक्रारीत तथ्य नसेलच असं नाही. तिच्या एका कार्यक्रमात पुढची जोड लंगडा विरुद्ध आंधळा अशी होती. आंधळ्याची दाढ दुखू लागली म्हणून लंगड्याला विजयी घोषित केलं. तमाशाच तो. पण त्याच 1954 साली दारासिंगनं रुस्तुम-ए-हिंद किताब मिळवला, आणि मुंबईत फ्री स्टाइलचा, म्हणजे त्या अमेरिकी धाटणीच्या कुस्तीचा, धंदा पुढं चांगला भरभराटीला आला. चारशे पौंडांच्या घरातला किंगकाँग, म्हणजे मूळचा हंगेरियन एमिल झाया, दारासिंगचा ठेवणीतला प्रतिस्पर्धी. 1962 साली ‘किंगकाँग’ नावाच्या चित्रपटाचा नायक दारासिंगच होता. 29 मे 1968 रोजी मुंबईत अमेरिकी मल्ल लू थेझला हरवून तो जगज्जेता ठरला. थेझ तेव्हा 52 वर्षांचा होता आणि आपला एनडब्ल्यूए जागतिक किताब तो 1966च्या जानेवारीतच जीन किनिस्कीकडे गमावून बसला होता. तरी मुंबईला त्यात काही खटकलं नाही. खटकायचं कारणही नव्हतं. दारासिंग रिंगणात नुसता उभा राहिला तरी पैसे वसूल व्हायचे. पुढं तो रामायणातला हनुमान झाला, राज्यसभेवर गेला.

हमीदाला युरोपात लढायचं होतं. तिच्या नातवाच्या सांगण्यानुसार ती जाऊ नये म्हणून सलाम पहिलवानानं काठीनं मारून तिचे हात मोडले. कुस्त्यांच्या बातम्यांतून ती हळूहळू दिसेनाशी झाली. उरलेली वर्षं तिनं आमच्याच ठाणे जिल्ह्यात, कल्याणला काढली: दुधाचा धंदा केला, खोल्या भाड्यानं दिल्या, त्यावर भागेना तेव्हा रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकले. 1986 साली ती गेली. 4 मे 2024 रोजी गुगलनं तिचं चित्र पहिल्या पानावर लावलं, ते त्या बडोद्याच्या कुस्तीची आठवण म्हणून. ती कुस्ती नुरा होती का, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.