अनावर्ती अभियांत्रिकी खर्च

अनावर्ती अभियांत्रिकी खर्च म्हणजे एखादे नवे उत्पादन कल्पनेपासून प्रत्यक्ष उत्पादनाच्या टप्प्यापर्यंत आणण्यासाठी एकदाच करावा लागणारा खर्च होय. संशोधन, आरेखन, नमुने तयार करणे, चाचण्या घेणे, आवश्यक प्रमाणपत्रे मिळवणे, तसेच साचे, डाय, जिग, फिक्स्चर यांसारखी खास साधने बनवणे या बाबी त्यात मोडतात. उद्योगजगतात हा खर्च ‘एनआरई’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखला जातो. सुट्या भागांच्या कारखान्यांत त्यातील साधनांपुरत्या भागाला ‘टूलिंगचा खर्च’ असे म्हणतात. कच्चा माल, मजुरी, वीज, वेष्टन यांवर होणारा खर्च प्रत्येक नगामागे पुन्हा पुन्हा येतो, म्हणून तो आवर्ती ठरतो. अनावर्ती खर्च मात्र एक नग बनवला काय किंवा एक लाख बनवले काय, जवळजवळ तेवढाच राहतो.

स्वरूप

‘एकदाच’ हा शब्द येथे थोड्या सावधपणे घ्यावा लागतो. आरेखनात बदल झाला की साचा दुरुस्त करावा लागतो, चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतात आणि अनावर्ती म्हटलेला खर्च पुन्हा उभा राहतो. ओतकामाचा किंवा प्लास्टिकच्या अंतःक्षेपणाचा साचा ठरावीक नगांनंतर झिजतो व नवा करावा लागतो. त्यामुळे पहिल्या साच्याचा खर्च अनावर्ती मानायचा आणि बदली साच्याचा खर्च नगाच्या किमतीत धरायचा, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी आढळते. हा भेद करारात आधीच स्पष्ट केलेला नसेल, तर पुढील वादांपैकी बरेच वाद येथूनच सुरू होतात.

उद्योगानुसार या खर्चाचा आकार फार बदलतो. पत्र्याची साधी पट्टी कापण्याच्या डायला काही हजार रुपये पुरतात. आधुनिक अर्धवाहक चिपच्या छपाईसाठी लागणाऱ्या मास्कचा एक संच मात्र कोट्यवधी रुपयांचा असतो आणि आरेखनात चूक राहिल्यास त्यातील मास्क नव्याने करावे लागतात. हा भार विद्यापीठांना व लहान संस्थांना पेलता यावा, म्हणून अमेरिकेत १९८१ मध्ये ‘मोसिस’ ही सेवा सुरू झाली. तिच्यात अनेकांची आरेखने एकाच मास्क-संचावर व एकाच सिलिकॉन चकतीवर बसवली जातात आणि खर्च सर्वांत वाटला जातो.

नगसंख्या आणि समविच्छेद बिंदू

अनावर्ती खर्चाला उत्पादनाच्या एकूण नगसंख्येने भागले की प्रत्येक नगावर पडणारा त्याचा वाटा मिळतो. हे गणित शालेय पातळीचे आहे, मात्र त्यातील छेद हा भविष्याविषयीचा अंदाज असतो आणि सारी जोखीम त्या अंदाजात दडलेली असते.

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका उपकरणासाठी बाजारात तयार मिळणारी, हवी तशी जुळवता येणारी चिप वापरली तर ती प्रत्येकी ८०० रुपयांना पडते व वेगळा विकासखर्च नगण्य असतो. त्याच कामासाठी खास चिप बनवून घेतली तर सुरुवातीला ३ कोटी रुपये लागतात, पण पुढे प्रत्येक चिप २०० रुपयांत मिळते. प्रत्येक नगामागे ६०० रुपये वाचत असल्याने ५०,००० नगांवर दोन्ही मार्गांचा खर्च सारखा होतो. हाच समविच्छेद बिंदू. विक्री १०,००० नगांवर थांबणार असेल, तर खास चिपचा मार्ग तोट्याचा ठरतो. ती ५ लाखांवर जाणार असेल, तर तयार चिप वापरणे म्हणजे उधळपट्टी होते.

छेद लहान झाला की काय होते, याची ठळक उदाहरणे विमाननिर्मितीत सापडतात. अमेरिकेच्या बी-२ या बॉम्बफेकी विमानाची मूळ योजना १३२ विमानांची होती. शीतयुद्ध संपल्यावर ती आकुंचित झाली आणि प्रत्यक्षात २१ विमाने बांधली गेली. विमान बांधण्याचा सरासरी खर्च सुमारे ७३.७ कोटी डॉलर होता. विकास, अभियांत्रिकी व चाचण्यांसह संपूर्ण कार्यक्रमाचा खर्च विभागला असता, १९९७ च्या किमतींनुसार तो प्रत्येक विमानामागे २०० कोटी डॉलरच्या वर गेला. वृत्तपत्रांनी ‘दोन अब्ज डॉलरचे विमान’ असा उल्लेख केला. तो खोटा म्हणता येत नाही, तरी आणखी एक विमान बांधायला तेवढे पैसे लागले असते असा त्याचा अर्थ घेणे चुकीचे ठरेल. सरासरी खर्च आणि पुढील नगाचा खर्च यांतील हा फरक सामान्य वाचकाच्या नजरेतून हमखास निसटतो.

कॉंकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाच्या बाबतीत विकासाचा भार ब्रिटन व फ्रान्स यांच्या सरकारांनी उचलला. १९६२ मध्ये दोन्ही देशांत झालेल्या करारात बाहेर पडण्याचे कलमच नव्हते. एकूण २० विमाने तयार झाली. त्यांपैकी सहा नमुना व विकासासाठीची होती, तर ब्रिटिश एअरवेज व एअर फ्रान्स यांच्या सेवेत मिळून १४ विमाने उडाली. एवढ्या थोड्या विमानांच्या विक्रीतून विकासखर्च भरून येणे शक्यच नव्हते. केवळ ‘आधीच इतका खर्च झाला आहे’ या कारणाने तोट्यातील काम पुढे रेटण्याच्या प्रवृत्तीला अर्थशास्त्रीय लेखनात ‘कॉंकॉर्ड तर्कदोष’ असे नाव पडले आहे. एकदा झालेला अनावर्ती खर्च हा बुडीत खर्च असतो आणि काम चालू ठेवावे की नाही, हे फक्त पुढील खर्च व पुढील प्राप्ती पाहून ठरवावे, असे हे तत्त्व सांगते.

पुरवठा करारातील वाटणी

उत्पादन करणारी कंपनी भाग बाहेरून बनवून घेते, तेव्हा अनावर्ती खर्च कोणी व कसा सोसायचा हा वाटाघाटीचा विषय होतो. ग्राहक कंपनी संपूर्ण रक्कम वेगळ्या पर्चेस ऑर्डरने देऊ शकते. बहुधा ती टप्प्यांनी दिली जाते: काही भाग ऑर्डरबरोबर, काही पहिले नमुने मंजूर झाल्यावर आणि उरलेला नियमित उत्पादन सुरू झाल्यावर. दुसऱ्या पद्धतीत पुरवठादार स्वतः खर्च करतो व नगाच्या किमतीतून तो हळूहळू वसूल करतो. व्यवहारात या पद्धतीला ‘ॲमॉर्टायझेशन’ म्हणतात. या दोहोंचे मिश्रणही प्रचलित आहे.

दुसरी पद्धत कागदावर दोघांनाही सोयीची दिसते. ग्राहकाला एकरकमी पैसे काढावे लागत नाहीत आणि पुरवठादाराला काम मिळते. मात्र तिच्यात लहान पुरवठादार मोठ्या ग्राहकाचा सावकार बनतो, तोही बहुधा बँकेकडून कर्ज काढून. समजा, साच्याला ६ लाख रुपये लागले आणि ६०,००० नगांचा अंदाज धरून प्रत्येक नगाच्या किमतीत १० रुपये मिळवले. २२,००० नगांनंतर ते मॉडेल बाजारातून मागे घेतले गेले, तर पुरवठादाराच्या हाती २ लाख २० हजार रुपये आलेले असतात आणि ३ लाख ८० हजार रुपये अडकून पडतात. कर्जावरील व्याज या हिशेबात धरलेलेच नाही. खरेदी विभागाने दिलेला ६०,००० चा आकडा पुष्कळदा निव्वळ अंदाज असतो. करारात त्याला हमी म्हटलेले नसेल, तर पुरवठादाराला मागण्याजोगे काही उरत नाही.

यावर उपाय म्हणून करारात किमान नगसंख्येची हमी आणि ठरलेल्या मुदतीत ती पूर्ण न झाल्यास न वसूल झालेली रक्कम देण्याचे कलम घातले जाते. ग्राहकाच्या बाजूनेही एक गोष्ट पाहावी लागते. ६०,००० नग पूर्ण झाल्यावर किंमत १० रुपयांनी उतरली पाहिजे. तसे लिहिलेले नसेल, तर साच्याचे पैसे फिटल्यानंतरही ते किमतीत राहतात आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाहीत.

भारतात सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे ग्राहकावर बंधनकारक आहे. हे संरक्षण पुरवलेल्या मालाच्या व सेवेच्या देय रकमेला लागू पडते. न घेतलेल्या नगांच्या किमतीत दडलेला साचाखर्च मात्र कोणत्याच बिलात दिसत नाही. त्यामुळे साच्याची रक्कम सुरुवातीपासून स्वतंत्र ओळीत दाखवणे पुरवठादाराच्या हिताचे असते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, वाळूज यांसारख्या वाहन-उद्योगाच्या पट्ट्यांत, जेथे असंख्य छोटे कारखाने मोजक्याच मोठ्या ग्राहकांवर अवलंबून असतात, तेथे या एका ओळीला मोठे मोल आहे.

मालकीचा प्रश्न

पैसे दिले म्हणजे वस्तू आपली झाली, हा समज साच्यापुरता बहुधा खरा असतो. त्यामागील ज्ञानाच्या बाबतीत तो तसा नसतो. ग्राहकाने पूर्ण किंमत दिलेल्या साच्यावर त्याचे नाव व क्रमांक कोरले जातात, तो पुरवठादाराच्या कारखान्यातच राहतो आणि मागताच परत करण्याची अट असते. आरेखने, सॉफ्टवेअर, चाचणीची पद्धत यांचे काय, हे वेगळे लिहावे लागते. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीची पहिली मालकी सामान्यतः मालकाकडे जाते. स्वतंत्र आरेखकाकडून मोबदला देऊन करून घेतलेल्या तांत्रिक आरेखनाचा प्रताधिकार मात्र, वेगळा करार नसल्यास, आरेखकाकडेच राहतो आणि त्याचे हस्तांतरण लेखी असावे लागते.

बिझिकॉम आणि इंटेल यांचा व्यवहार हे या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. १९६९ मध्ये बिझिकॉम या जपानी कंपनीने गणकयंत्रांसाठी खास चिप बनवण्याचे काम त्या वेळी नव्या व लहान असलेल्या इंटेलकडे दिले. बिझिकॉमचे अभियंता मासातोशी शिमा यांनी आणलेल्या योजनेत अनेक वेगवेगळ्या चिप होत्या. इंटेलमधील टेड हॉफ यांनी त्याऐवजी सूचनांनुसार कोणतेही काम करू शकणारी एक सर्वसाधारण चिप आणि तिच्या जोडीला स्मृतीच्या व इतर मोजक्या चिप, अशी चार चिपची रचना सुचवली. पुढे फेडेरिको फॅजिन यांनी ती प्रत्यक्षात उतरवली. विकासखर्चापोटी बिझिकॉमने ६०,००० डॉलर दिले आणि करारानुसार त्या चिपवर तिचा एकाधिकार राहिला.

दरम्यान गणकयंत्रांच्या बाजारात किमतींची तीव्र स्पर्धा सुरू झाली आणि बिझिकॉमला चिप स्वस्त हव्या झाल्या. १९७१ मध्ये झालेल्या फेरवाटाघाटीत इंटेलने ते ६०,००० डॉलर परत करून गणकयंत्रांखेरीज अन्य उपयोगांसाठी ही चिप विकण्याचा हक्क मिळवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टरची ही चिप ‘४००४’ या नावाने बाजारात आली. सर्वसाधारण विक्रीसाठी उपलब्ध झालेला तो पहिला एकचिप मायक्रोप्रोसेसर मानला जातो. बिझिकॉमचा निर्णय मूर्खपणाचा होता, असे मागाहून म्हणणे सोपे आहे. गणकयंत्रे विकणाऱ्या आणि आर्थिक अडचणीत आलेल्या कंपनीला गणकयंत्राबाहेरचे हक्क निरुपयोगी वाटले, हे त्या क्षणी स्वाभाविकच होते. काही वर्षांतच ही कंपनी दिवाळखोरीत निघाली.

हिशेबातील नोंद

हा खर्च ज्या वर्षी झाला त्याच वर्षी खर्ची टाकायचा की मालमत्ता म्हणून दाखवून पुढील वर्षांत विभागायचा, यावर कंपनीचा नफा बराच अवलंबून असतो. अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखामानकाने संशोधन व विकासाचा खर्च सामान्यतः त्याच वर्षी खर्ची टाकणे आवश्यक केले. आंतरराष्ट्रीय मानक ३८ व त्यावर आधारलेले भारतीय लेखामानक ‘इंड एएस ३८’ यांत मधला मार्ग आहे. संशोधनाच्या टप्प्यावरील खर्च त्याच वर्षी खर्ची पडतो. विकासाच्या टप्प्यावरील खर्च मात्र तांत्रिक साध्यता, काम पूर्ण करण्याचा हेतू, वापरण्याची वा विकण्याची क्षमता, भावी लाभाची शक्यता, पुरेशी साधनसामग्री आणि खर्च विश्वासार्हपणे मोजता येणे या सर्व अटी पूर्ण झाल्यासच अमूर्त मालमत्ता ठरतो. साचे व डाय ही मूर्त मालमत्ता असल्याने त्यांच्यावर घसारा आकारला जातो.

शासकीय खरेदी

संरक्षण साहित्यात ग्राहक एकच आणि नग थोडे असल्याने विकासखर्चात सरकारचा वाटा मोठा असतो. भारताच्या संरक्षण संपादन कार्यपद्धती, २०२० मधील ‘मेक-१’ वर्गात नमुन्याच्या विकासखर्चाचा ७० टक्क्यांपर्यंतचा भाग सरकार देते. ‘मेक-२’ मध्ये हा खर्च उद्योगालाच करावा लागतो. अमेरिकेचा शस्त्रनिर्यात कायदा याच्या उलट टोकाची सोय करतो: करदात्यांच्या पैशातून विकसित झालेले प्रमुख शस्त्रसाहित्य परदेशाला विकताना विकासखर्चाचा प्रमाणशीर वाटा त्या देशाकडून घेतला जातो. काही परिस्थितींत तो माफही करता येतो.

भारतातील करविषयक तरतुदी

केंद्रीय उत्पादन शुल्काच्या काळात, २००० च्या मूल्यांकन नियमांतील नियम ६ प्रमाणे, ग्राहकाने पुरवठादाराला विनामूल्य वा सवलतीत दिलेल्या साच्यांचे व आरेखनांचे मूल्य भागाच्या मूल्यात प्रमाणशीर मिळवावे लागे. साच्यातून किती नग निघतील याचा अंदाज बांधून हा वाटा काढला जाई आणि त्यावरून तंटे होत. वस्तू व सेवा कर आल्यावर ८ जून २०१८ च्या परिपत्रक क्रमांक ४७ ने स्पष्ट केले, की ग्राहकाने आपल्या मालकीचा साचा मोबदल्याविना पुरवठादाराकडे दिल्यास तो पुरवठा ठरत नाही आणि साच्याचे मूल्य भागाच्या मूल्यात मिळवायचे नाही. करारानुसार साचा पुरवठादाराने स्वतः आणायचा असून प्रत्यक्षात तो ग्राहकाने दिला असेल, तर मात्र त्याचा विभागून येणारा खर्च भागाच्या मूल्यात धरला जातो. एकाच साच्यावर कर लागणे वा न लागणे अशा रीतीने करारातील एका वाक्यावर अवलंबून आहे. जॉबवर्कसाठी पाठवलेली भांडवली सामग्री तीन वर्षांत परत आणण्याची मुदतही साचे, डाय, जिग, फिक्स्चर व हत्यारे यांना लागू नाही.