चूक कापडात नको, कार्डात शोधा

ज्यांनी जेकार्डचा माग पाहिला आहे, त्यांना ही गोष्ट नवी नाही. नक्षीतले फूल चुकले तर विणकर कापडावर सुई चालवीत बसत नाही, कार्डातले चुकलेले भोक शोधतो. कार्ड तेच राहिले तर पुढच्या प्रत्येक वारात तीच चूक येणार. हा जुना धडा आम्ही दुकानातल्या कॉम्प्युटरपाशी विसरलो आणि त्याची किंमत मोजली.

जळगावला आमची कापडाची पेढी आहे. धुळ्याच्या मागांवरचा माल ट्रान्सपोर्टने येतो. त्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी बिल्टीची चौकशी आणि माल सोडवण्याची मागणी कॉम्प्युटरवरून थेट करण्याची सोय दिली, सोबत एक फाइल दिली. तिला 'डब्ल्यूएसडीएल' म्हणतात. निरोप कोणत्या पत्त्यावर पाठवायचा, त्यात रकाने कोणते, कुठे आकडा आणि कुठे अक्षरे, उत्तर कसे येईल, हे सारे तिच्यात लिहिलेले असते. ही फाइल जावाच्या 'डब्ल्यूएसइम्पोर्ट' या अवजाराला दिली की प्रोग्रामचा तेवढा भाग आपोआप तयार होतो. फाइल म्हणजे कार्ड, निघालेला प्रोग्राम म्हणजे कापड.

काम आमच्या भाच्याने हाती घेतले. पहिली अडचण अशी की अवजारच सापडेना. २०१८ साली आलेल्या जावा ११ पासून ते सोबत मिळत नाही, वेगळे घ्यावे लागते. दुसरी अडचण, रकान्यांची यादी आणखी एका फाइलीत होती आणि तिचा पत्ता ट्रान्सपोर्टच्या आतल्या मशीनचा दिलेला होता. बाहेरून ती उघडेना. ती फाइल मागवून आपल्या मशीनवर ठेवली, पत्ता बदलला, तेव्हा काम पुढे सरकले.

खरा घोटाळा तिसरा. बिल्टी नंबर ००४७१२ असा असतो. फाइलीत तो 'आकडा' म्हणून नोंदला होता. आकड्याला पुढची शून्ये कसली? प्रोग्रामने ४७१२ पाठवले, उत्तर आले, अशी बिल्टी नाही. ऐन रमजान ईदच्या तोंडावर आमच्या गाठी धुळ्याच्या गोदामात पडून राहिल्या आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी गेले. भाच्याने निघालेल्या प्रोग्राममध्ये हातानेच दुरुस्ती केली. माल सुटला, आम्ही बेफिकीर झालो. पुढे ट्रान्सपोर्टने एक रकाना वाढवला, प्रोग्राम नव्याने काढावा लागला आणि हातची दुरुस्ती पुसली गेली. पुन्हा तेच उत्तर!

या वेळी आम्ही कार्डाला हात घातला. आमच्याकडच्या फाइलीत 'आकडा' काढून 'अक्षरे' केले, प्रोग्राम पुन्हा काढला आणि ट्रान्सपोर्टला लेखी कळवले. उशिरा का होईना, त्यांनीही मूळ फाइल सुधारली.

व्यापारी बंधूंनी प्रोग्राम शिकावा असे आमचे म्हणणे नाही. पण काम देताना एवढे जरूर विचारावे. सगळ्या फाइली मिळाल्या का, आणि त्यांची प्रत आपल्याकडे आहे का? अवजाराची कोणती आवृत्ती वापरली, हे लिहून ठेवले का? ज्यांची कधी बेरीज करत नाही असे नंबर, म्हणजे बिल्टी, बँक खाते, फोन, हे अक्षरे म्हणून नोंदले आहेत का? आणि दुरुस्ती कुठे केली, कापडात की कार्डात?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'कापडात' आले, तर त्या दिवशी पैसे चुकते करू नयेत.