८:१२ वर अडकलेली गाडी

जून ते नोव्हेंबर. सहा महिने माझा आकडा एकच होता, आठ मिनिटं बारा सेकंद. कधी तेरा, एकदा तर चक्क सतरा. पण बाराच्या खाली यायचं नाव नाही.

आकडा कसला? सांगतो. तुमच्या जिममध्ये ट्रेडमिलच्या रांगेच्या टोकाला एक लांबुळकं मशीन पडलेलं असतं, बघा. सरकती सीट, साखळीला बांधलेला दांडा आणि पुढे जाळीत बंद केलेला पंखा. लोक त्याच्यावर बसून बुटाची नाडी बांधतात आणि निघून जातात. ते रोइंग मशीन. जमिनीवरची होडीच म्हणा ना! या खेळात दोन हजार मीटरला किती वेळ लागला, यावर माणसाची पत ठरते. माझी पत ८:१२.

मी या मशीनवर बसलो ते काही हौसेनं नाही. पुण्यातल्या कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीएवनसी ६.१ आलं. वय ३१. बाबांना चाळिशीत डायबिटीस झालाय, त्यामुळे डॉक्टरांनी रिपोर्टवर नुसतं बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. गुडघा कुरकुरतो म्हणून पळणं बाद, पोहता येत नाही. उरलं हे मशीन. पहिल्या चार महिन्यांत नऊ मिनिटांवरून ८:१२ वर आलो तेव्हा वाटलं, बॉस, आपण जन्मजात रोअर आहोत! दिवाळीपर्यंत आठच्या आत जाणार, असं मी अख्ख्या टीमला सांगून ठेवलं. मग गाडी अडकली.

अडकल्यावर आपण सगळे जे करतो तेच मी केलं. आणखी जोर लावला. आठवड्यातून सहा दिवस, रोज पाच हजार मीटर, जीव तोडून. सकाळी उठल्यावरची नाडी ५८ ची ६६ झाली. रात्री झोप लागेना. मीटिंगमध्ये विनाकारण लोकांवर खेकसायला लागलो. आणि आकडा तिथेच.

इथे थोडं गणित, कंटाळू नका. या मशीनवर वेग वाढवायचा तर ताकद त्या वेगाच्या घनाच्या पटीत लागते. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट. ८:१२ साठी सरासरी १८८ वॅट लागतात, बरोबर आठ मिनिटांसाठी २०२ आणि सात मिनिटांसाठी ३०२! सुरुवातीचे सेकंद फुकटात मिळाल्यासारखे वाटतात. पुढचा प्रत्येक सेकंद आधीच्यापेक्षा महाग.

डिसेंबरात आबाजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी कुणीतरी हवं म्हणून मी दोन महिने वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि लॅपटॉप घेऊन गावी आलो. अल्लीपूर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा. नागपुरात एक जिम बंद पडत होती, तिथून सेकंडहँड कन्सेप्ट टू मिळालं. त्याचे दोन तुकडे होतात, त्यामुळे पिकअपमध्ये सहज मावलं. शिवाय मशीनला वीज लागत नाही. पुढचा छोटा मॉनिटर सेलवर चालतो. लाईन गेली तरी आपलं चालू.

ठेवायचं कुठे, हा मात्र प्रश्न होता. कापूस घरात आलेला. पुढची अख्खी खोली छतापर्यंत पांढरी. ढिगाच्या कडेला जेमतेम नऊ फूट जागा मिळाली. शेजारी आबाजींची बाज, डोळ्यांना काळा चष्मा. पहिल्या दिवशी दारात डझनभर पोरं जमली. ‘दादा घरातच डोंगा चालवते’ ही बातमी संध्याकाळपर्यंत चौकात पोचली होती.

तिसऱ्या दिवशी आबाजींनी विचारलं, ‘‘काहून रे बाबू, एवढा काहून हाफून राह्यला?’’

मी उत्तर देऊ शकलो नाही. दम लागला होता. थांबून, पाणी पिऊन मग सगळं समजावलं. आकडा, वॅट, सहा महिने. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘पटाचा बैल वखराले जुंपत नाही. अन् वखराचा बैल पहिल्याच तासाले पयवला तं दुपारी खाली बसते. तू तं रोजच पट खेळून राह्यला.’’

पट म्हणजे शंकरपट, आमच्याकडची बैलांची शर्यत. तास म्हणजे नांगर-वखराची एक ओळ.

मी हसलो. पण रात्री लॅपटॉप उघडून वाचत बसलो, तर स्टीफन सायलर नावाच्या नॉर्वेत काम करणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञाचं म्हणणं जवळपास हेच निघालं. त्यानं रोइंग, स्कीइंग, सायकलिंग अशा दमाच्या खेळांतले अव्वल खेळाडू ट्रेनिंग कसं करतात ते तपासलं. त्यांची साधारण ८० टक्के सेशन्स अगदी हलकी असतात आणि उरलेली खरोखरच कठीण. आपण नोकरदार मंडळी नेमकं उलटं करतो. वेळ कमी, म्हणून रोज मधलंच काहीतरी. शरीर बदलेल इतकं कठीण नाही आणि थकवा उतरेल इतकं सोपंही नाही. माझे सहा महिने या मधल्या पट्ट्यात गेले होते.

हलकं म्हणजे किती हलकं? तर बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्यं, न तुटता. हार्टरेटचा पट्टा माझ्याकडे नव्हता, पण आबाजी होते! डोळ्यांवर चष्मा, टीव्ही बंद, पेपर बंद. त्यांना बोलायला माणूस हवाच होता. मी मशीनवर, ते बाजेवर. त्यांनी विचारायचं, मी सांगायचं. पुण्यात भाडं किती, तुमच्या हापिसात नेमकं बनते काय, लग्नाचं काय. शब्द तुटला की म्हणायचे, ‘‘हळू!’’

एवढं हळू जाणं भयंकर अपमानास्पद वाटतं, हे आधीच सांगून ठेवतो. पाचशे मीटरला २:१२ मारणारा मी अडीच मिनिटांवर आलो. मिनिटाला अठरा स्ट्रोक. पहिला आठवडा वाटलं, हा निव्वळ टाइमपास आहे.

पण हळू चालल्यावर चुका दिसायला लागल्या. या मशीनवर ओढायचं हातांनी नसतंच. आधी पायांनी रेटायचं, मग कमरेतून पाठ मागे न्यायची, शेवटी हात. परत येताना उलट: हात, पाठ, पाय. मी घाईत तिन्ही एकदम करत होतो, म्हणजे पायांची निम्मी ताकद वाटेतच सांडत होती. दुसरी चूक पंख्याच्या बाजूच्या खटक्याची. त्यावर १ ते १० आकडे असतात. जिममध्ये सगळे मर्दासारखा १० वर ठेवतात. तो काही कठीणपणाचा खटका नाही, पंख्यात हवा किती घ्यायची त्याचा आहे. १० वर मशीन जड, सुस्त होडीसारखं वागतं आणि कंबर आधी दमते. मी ४ वर आणला. (कापसाचे तंतू जाळीत अडकून हवा कमी व्हायची आणि खेच आपोआप हलकी व्हायची, ती गंमत वेगळीच. मॉनिटर प्रत्येक स्ट्रोकला खेच मोजून हिशेब करतो, त्यामुळे चीटिंग होत नाही. दर रविवारी ब्रशनं साफ करायचो.)

असे आठवड्याला चार दिवस गप्पांचे, ४० ते ५० मिनिटं. पाचवा दिवस पटाचा: पाचशे मीटर आठ वेळा, मध्ये तीन-तीन मिनिटं विश्रांती. त्या दिवशी आबाजी प्रश्न विचारायचे नाहीत. दोन दिवस पूर्ण सुट्टी. आणि दर चौथ्या आठवड्याला सगळं निम्मं.

आमच्याकडे रोइंग कोण करतं, असं वाटायचं मला. पाणीच नाही तर होडी कुठली! पण दत्तू भोकनळ आठवा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी भागातला. २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला आणि वल्हं हातात घेतलं ते त्यानंतर, पुण्यात. चारच वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये, एकेरीत १३ वा आला. शेवटच्या शर्यतीत दोन हजार मीटर ६:५४.९६, तेही खऱ्या पाण्यावर. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तो एकेरीच्या फायनलमध्ये सपशेल मागे पडला आणि दुसऱ्या दिवशी चौघांच्या होडीत सुवर्णपदक घेऊन आला. त्याच्यापुढे माझे ८:१२ म्हणजे किस झाड की पत्ती. तरी दमलो की ते दोन दिवस आठवायचे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टेस्ट. सकाळची नाडी ५५. पूर्वी पहिले पाचशे १:५४ ला मारून शेवटी मरायचो. या वेळी कागदावर लिहून मॉनिटरखाली चिकटवलं: घाई नाही. २:०२. पुन्हा २:०२. तिसऱ्याला पाय पेटले, तरी २:०१. शेवटचे पाचशे १:५९.

८:०४.

आठच्या आत नाही, माहितीये. पण १८८ वॅटचे १९८ झाले होते, आणि तेही जोर कमी करून. मार्चमध्ये एचबीएवनसी ५.८ आलं. डॉक्टरांना ८:०४ चं काहीच कौतुक नव्हतं, त्यांनी भात किती खाता विचारलं.

आता पुण्यात परत आलोय. मशीन अल्लीपुरातच आहे, कापूस विकला गेला तेव्हापासून खोलीच्या मधोमध. गप्पांच्या दिवशी मी जिममध्ये कानात इअरफोन घालून बसतो आणि फोन लावतो. आजूबाजूचे विचित्र नजरेनं बघतात, बघू देत. काल पंचविसाव्या मिनिटाला ट्रेनरनं ‘कम ऑन, पुश!’ म्हणून ओरडून घेतलं. आबाजींनी ते ऐकलं.

‘‘कोन आहे रे तो?’’

‘‘ट्रेनर आहे, आबाजी.’’

‘‘त्याले म्हना, हळू बोल. अन् तू सांग, यंदा तूर लावाची का सगळीच पऱ्हाटी?’’