अर्धा रस्ता ८० ने, उरलेला कितीने?

वेग-वेळ-अंतराचं गणित दिसलं की आपण सूत्र आठवतो आणि दिसतील ते आकडे त्यात कोंबतो. अॅप्टिट्यूड टेस्टमध्ये विकेट पडते ती इथेच. सूत्र सगळ्यांना येतं, अडतं ते समीकरण मांडताना.

उदाहरण आपल्या नागपूरचंच घेऊ. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किमीचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला (पूर्ण ७०१ किमी ५ जून २०२५ ला). सपाट भागात कारला मर्यादा ताशी १२० किमी. समजा, शिर्डीपर्यंत सरासरीच १२० पाडायची असं ठरवून निघालो. म्हणजे हातात ५२० भागिले १२०, अर्थात ४ तास २० मिनिटं. पण धुकं, चहा, टायरची हवा, यात पहिल्या २६० किमीला सरासरी ८० च पडली. मग उरलेल्या २६० ला किती वेग हवा?

पटकन सुचतं १६०, कारण ८० आणि १६० चा मध्य १२०. साफ चूक! हळू जाताना आपण रस्त्यावर जास्त वेळ असतो, म्हणून वेगांचा असा मध्य काढता येत नाही. बेरीज करायची ती वेळांची. हवा असलेला वेग क्ष मानू:

२६०/८० + २६०/क्ष = ५२०/१२०

पहिलं पद सव्वातीन तास. उरला १ तास ५ मिनिटं, म्हणून क्ष = २४०. मामाची गाडी एवढी पळत नाही, आणि पळाली तरी मर्यादेच्या दुप्पट!

आता ८० च्या जागी ६० टाका. २६०/६० म्हणजे ४ तास २० मिनिटं. सगळा वेळ अर्ध्या वाटेतच संपला. २६०/क्ष = ० एवढंच उरतं आणि त्याला उत्तरच नाही, विमान आणलं तरी. गंमत म्हणजे अंतर दोन्ही बाजूंनी कटतं. ५२० च्या जागी नागपूर-वर्धा टाका, निकाल तोच.

सुट्टीत घरी निघताना "पुढे कव्हर करून घेऊ ना भाऊ" म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला हे समीकरण जरूर दाखवा.

आणि सगळा रस्ता आरामात १०० ने गेलो तर? ५.२ तास. इथेही लोक फसतात. ५.२ म्हणजे ५ तास २ मिनिटं नव्हे, ५ तास १२ मिनिटं. १२० पेक्षा ५२ मिनिटं जास्त, बस्स.