ठेका आणि विचार

गेल्या भीमजयंतीला वैजापुरात मिरवणूक निघाली तेव्हा डीजेपुढे माझे विद्यार्थी नाचत होते. एकाच्या टी-शर्टवर जटाधारी बॉब मार्लीचे चित्र होते. दुसऱ्या दिवशी मी त्याला दोन प्रश्न विचारले : हा माणूस कोण? आणि काल ज्या गाण्यावर नाचलास, त्याचे शब्द काय? दोन्हींचे उत्तर त्याला देता आले नाही. यात दोष आम्हा शिक्षकांचाही आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

मार्ली जमैकाचा. तेथील बहुसंख्य काळी माणसे उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या गुलामांची वंशज. १८३८ साली तेथील गुलामगिरी संपली, १९६२ साली देश स्वतंत्र झाला. पण किंग्स्टनच्या झोपडपट्टीतील दारिद्र्य हटले नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रेगे संगीत जन्मले ते याच जगात. त्याच्या एका प्रमुख ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली रिकामी सोडतात आणि तिसरीवर ड्रमचा आघात येतो. गिटार तुटक वाजते, खर्जातले सूर गाणे पुढे ओढतात. लय संथ, म्हणून शब्द कानात उतरतात. अमेरिकेतील काळ्यांचे फंक याउलट पहिल्या मात्रेवरच पाय रोवते. जेम्स ब्राऊनने १९६८ साली काळेपणाचा अभिमान जाहीरपणे गायला, तो याच संगीतातून.

मार्लीचा १९७९ चा ‘सर्व्हायव्हल’ हा अल्बम पाहावा. मुखपृष्ठावर आफ्रिकी देशांचे ध्वज आहेत आणि नावाच्या पट्टीमागे गुलामांनी खचाखच भरलेल्या जहाजाचा आराखडा. त्यातील एक गाणे झिंबाब्वेच्या मुक्तिलढ्याचे आहे. एप्रिल १९८० मध्ये त्या देशाच्या स्वातंत्र्यसोहळ्यात मार्लीने ते तेथे जाऊन गायले.

हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. आमच्या शेजारच्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याच दशकात नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी जलसे घेऊन गावोगाव फिरत होते. साचा तमाशाचा होता. आशय मात्र नवा होता : गावकीची हलकी कामे सोडा, मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, मुले शाळेत घाला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) हा वारसा गाण्यांतून घराघरांत नेला. लोकांच्या अंगात मुरलेला ठेका घ्यायचा आणि त्यावर त्यांच्या मुक्तीचा विचार चढवायचा, ही रीत जमैकाची तशी आपलीही.

काही जाणती माणसे म्हणतात, नाचच बंद करा. मला ते पटत नाही. ज्या रस्त्यावर आपल्या आजोबांना स्वतःची सावली सांभाळत चालावे लागे, त्या रस्त्यावर मोकळेपणाने नाचणे हाही हक्कच आहे. प्रश्न शब्द बुडण्याचा आहे. शब्द बुडाले की मार्लीचे चित्र बाजारात विकले जाते आणि भीमगीताचा नुसता दणदणाट उरतो. नव्या ठेक्यावर आशय टिकतो, हे मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाने दाखवले आहे. २०१९ साली त्यांनी आरेतील वारली कलावंत प्रकाश भोईर यांच्यासह जंगल-जमिनीच्या हक्काचे गाणे केले.

त्या विद्यार्थ्याला मी एकच काम दिले : वामनदादांचे एक गाणे घरातून मिळवून आण. चार दिवसांनी त्याने वहीची दोन पाने भरून आणली. ते गाणे त्याच्या आजीला तोंडपाठ होते. त्याने ते तिला आजवर कधी विचारलेच नव्हते. पुढच्या जयंतीला मिरवणूक निघण्यापूर्वी आजीने ते चौकात म्हणावे, असा आमचा बेत आहे. डीजे त्यानंतर वाजेल.