लंगोट : धुण्याचा आणि टाकण्याचा

लेकीला पाठवावयाच्या बाळंतविड्यात झबली, टोपरी, कुंची अशा चारचौघींत उलगडून दाखवण्याच्या वस्तू असत. आणि गाठोड्याच्या अगदी तळाशी, कोणी न पाहिला तरी चालेल असा, जुन्या लुगड्यांच्या व धोतरांच्या तुकड्यांचा एक गठ्ठा असे. त्यात चौकोनी बाळोती असत, तिकोनी लंगोट असत, दुपदरी शिवलेली दुपटी असत. बाळाची पहिली दोन वर्षे खऱ्या अर्थाने या गठ्ठ्यावरच निभत. झबल्यावाचून मूल राहू शकते. लंगोटावाचून घराचे चालत नाही. आज पुष्कळ घरांत या गठ्ठ्याची जागा एकदा वापरून टाकून द्यावयाच्या डायपरने घेतली आहे. सिन्नरची बाजारपेठ असो की म्हैसूर–नंजनगूड रस्त्यावरील कडकोळसारखे गाव असो, त्याचे पाकीट, किंवा पाकीट परवडत नसल्यास एखादा सुटा नग, किराणा मालाच्या दुकानातही मिळतो. लंगोट आणि डायपर ही दोन्ही एकच काम दोन अगदी निराळ्या रीतींनी करतात. त्या रीती समजल्या म्हणजे दोहोंची खरी किंमत कोण देतो, हेही ध्यानात येऊ लागते.

बाळोत्यासाठी जुनेच लुगडे का काढीत? काटकसर हे त्याचे एक कारण झाले. पण काटकसरीहून मोठे कारण त्या सुताच्या अंगी होते. कापसाचा तंतू म्हणजे एक पोकळ, पीळ पडलेली, चपटी झालेली नळी होय. ती ज्या द्रव्याची बनलेली असते, त्या सेल्युलोजला पाण्याचे अंगभूत आकर्षण असते. कोरडा दिसणारा कापूससुद्धा हवेतील ओलावा शोषून आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी बाळगून असतो. पॉलिएस्टरच्या धाग्यात हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. मात्र कापसाच्या बोंडात तंतूवर निसर्गानेच मेणाचा एक पातळ थर दिलेला असतो, आणि मागावर चढताना सुताला खळ लागते ती निराळीच. म्हणून कोऱ्या मांजरपाटावर पाण्याचा थेंब टाकला तर तो क्षणभर मोत्यासारखा उभा राहतो. तेच कापड आठदहा वेळा साबणसोड्याने उकळून धुतले, की मेण जाते, खळ जाते, वीण सैल होते, आणि थेंब पडताक्षणीच पसरतो. दहा वर्षे नेसून, आपटून, धुऊन मऊसूत झालेल्या नऊवारीत ही सारी क्रिया आधीच पुरी झालेली असे. पुढे टेरिलीन आणि टेरिकॉट घरोघर आले, तेव्हा जुन्या कपड्यांचे ढीग वाढले, परंतु त्यांतून बाळोती निघेनाशी झाली. आजीने नायलॉनचे पातळ बोटांत चुरगळून बाजूला टाकले, त्यामागे हे शास्त्र होते.

कापड पाणी शोषते ते मुख्यत्वे तंतूंच्या मधल्या फटींत. दिव्याची वात तेल वर खेचते, तोच हा केशाकर्षणाचा व्यापार. पण वातीतले तेल जसे बोटाने दाबताच बाहेर येते, तसे लंगोटातले पाणीही मूल बसताच बाहेर येते. कापड पाणी घेते, पण कोंडून ठेवीत नाही. त्यामुळे ओलावा बाळाच्या कातडीला चिकटून राहतो, आणि येथूनच पुरळाची सुरुवात होते. ओल्या कातडीला घर्षण सोसत नाही. मूत्रातील युरियाचे जंतूंच्या योगे अमोनियात रूपांतर होते, त्यामुळे कातडीवरील आम्लता उतरते, आणि आम्लता उतरली की विष्ठेतील पाचक द्रव्ये अधिक चेव धरून कातडी खाऊ लागतात. ओला लंगोट तत्काळ बदलण्याचा जुन्या घरांतील कटाक्ष म्हणूनच योग्य होता. किंबहुना, कापडी लंगोटाचे सारे आरोग्यशास्त्र त्या एका तत्परतेवर उभे आहे. ती जेथे नाही, तेथे ‘नैसर्गिक सूत’ हा शब्द बाळाचे रक्षण करीत नाही.

हल्ली शहरांतून जे तयार कापडी लंगोट मिळतात, त्यांत या उणिवेवर उपाय योजलेला असतो. बाहेरचे कापड पॉलिएस्टरचे असून त्याच्या आतल्या अंगाला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. त्यामुळे ओल अंथरुणापर्यंत पोहोचत नाही. मध्ये सुती किंवा अन्य शोषक कापडाच्या घड्यांची गादी असते. कातडीला लागणारा थर पुष्कळदा मुद्दामच पाणी न धरणाऱ्या धाग्याचा करतात, म्हणजे ओल त्यातून आरपार गादीत उतरते आणि वरचा स्पर्श त्यातल्या त्यात कोरडा राहतो. एक सूचना येथे करावीशी वाटते. कपडे मऊ करण्याची जी सुवासिक द्रावणे बाजारात मिळतात, ती या लंगोटांना लावू नयेत. ती तंतूवर स्निग्ध लेप चढवतात, म्हणजे आठदहा धुण्यांनी जे मेण मोठ्या कष्टाने काढले, तेच पैसे देऊन परत बसवण्यासारखे होते.

टाकून द्यावयाच्या डायपरची कथा निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वीडनमध्ये कागदाच्या लगद्याच्या घड्या रबरी चड्डीत घालून वापरल्या जात. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन या गृहिणीने स्नानगृहाच्या पडद्याचे कापड घेऊन लंगोटावरचे न गळणारे आवरण शिवले. त्याचे पेटंट तिला १९५१ साली मिळाले. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने व्हिक्टर मिल्स या रसायनतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ‘पॅम्पर्स’ तयार केले आणि १९६१ साली इलिनॉय राज्यातील पिओरिया या गावी ते विक्रीस ठेवून पाहिले. नगाला दहा सेंट हा भाव लोकांना मानवला नाही. तो उतरवला तेव्हा माल खपू लागला. योगायोग असा, की या पिओरियातच अमेरिकन सरकारची शेतकी प्रयोगशाळा आहे, आणि मक्याच्या पिठापासून अफाट पाणी शोषणारे एक द्रव्य पुढे तेथेच सिद्ध झाले. आजच्या डायपरमध्ये जे असते ते त्याचे चुलत भावंड, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट.

हे द्रव्य साखरेसारखे कणीदार असते. त्याचे काम समजण्यास सब्जाच्या बियांचा दाखला पुरेसा आहे. सब्जा पाण्यात टाकला, की प्रत्येक बी आपल्याभोवती पाण्याचा बुळबुळीत गोळा धरून फुगते, आणि मग चाळणीवर ओतले तरी ते पाणी गळत नाही. पॉलिअ‍ॅक्रिलेटचा कणही असाच फुगतो. त्याच्या लांबलचक रेणूंची जाळी बनलेली असते आणि त्या जाळीत सोडियमचे भारित कण अडकलेले असतात. बाहेरचे पाणी या दाट मिठाकडे धाव घेते, जाळी ताणली जाते, आणि आत आलेले पाणी दाबले तरी बाहेर पडत नाही. शुद्ध पाणी हा कण आपल्या वजनाच्या कित्येक शेपट धरतो. मूत्रात मात्र क्षार असल्यामुळे ओढ कमी होते आणि तीसचाळीस पटींवर काम थांबते. हे घरीही पाहता येते. नव्या डायपरमधील कण झटकून वाटीत घ्यावेत, पाणी घालून फुगू द्यावेत आणि वर चमचाभर मीठ टाकावे. बघता बघता गोळा ढासळून पाणी सुटते. लोणच्याच्या कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले असता जे घडते, त्याचाच हा सख्खा प्रकार.

या कणांनी मातांना दिलेला दिलासा कमी लेखण्याचे कारण नाही. बाळाची कातडी कोरडी राहते, रात्र सलग जाते, पुरळ कमी होते. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला, लोकलने कामावर जाणाऱ्या आईला, एस.टी.च्या लांबच्या प्रवासाला याचे मोल विचारावे. ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’ असे म्हणणाऱ्यांनी, त्यांच्या वेळी ती बाळोती कोणी धुतली, हेही सांगावयास हवे. बहुधा ती सांगणाऱ्याने धुतलेली नसतात. दिवसाकाठी पाच डायपर या हिशेबाने अडीच वर्षांत साडेचार हजारांच्या वर नग होतात. नग दहा रुपयांचा धरला तर पंचेचाळीस हजार रुपये. कापडी लंगोटांचा खर्च याच्या लहानशा अंशात भागतो. पण रोज केवळ अर्धा तास धुण्यात गेला असे मानले तरी अडीच वर्षांत साडेचारशे तास होतात, आणि हे तास कोणत्याही घरच्या जमाखर्चात लिहिलेले आढळत नाहीत. ते आईचे असतात, आजीचे असतात, मोलकरणीचे असतात. आणि पूर्वी बाळंतिणीचे धुणे परटिणीकडे जाई तेव्हा तिचे असत.

मग डायपरने हे तास वाचवले काय? घरातले वाचवले. पुण्यात या प्रश्नाचे उत्तर रोज सकाळी दारोदार पाहावयास मिळते. १९९३ साली तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आणि तिच्यातून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ साली महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम पत्करले. या कामात स्त्रियांचा भरणा मोठा आहे. ओला व सुका कचरा त्या हातांनी निवडतात, कारण सुक्यातील विकाऊ वस्तूंवर त्यांची मिळकत अवलंबून असते. त्या ढिगात वर्तमानपत्राच्या रद्दीशेजारी उघडा, भरलेला डायपर येतो. २०१३ साली ‘स्वच्छ’च्या सभासदांनी असा कचरा गोळा करून तो बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवण्याची मोहीम काढली. त्याच वर्षी देशात माणसाकडून हाताने मैला उचलवून घेण्यास बंदी करणारा नवा कायदा संमत झाला. त्यात शौचकूप आहेत, गटारे आहेत, खड्डे आहेत. डायपरचा उल्लेख नाही. जो मैला शौचकुपातून नळाने जाऊ शकला असता, तो प्लॅस्टिकच्या गुंडाळीत बांधून पुन्हा माणसाच्या हातात दिला जातो, ही गोष्ट शहरातील सुशिक्षित घरांच्या मनात येत नाही, याचे नवल वाटते.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली, की पुन्हा उपयोगात आणता येईल असा माल वापरण्याची शक्यता त्यांनी पडताळावी, किंवा प्रत्येक नगासाठी गुंडाळण्याची पिशवी पाकिटातच द्यावी. ग्राहकावरही डायपर नीट गुंडाळून देण्याचे बंधन आले. नियम शहाणपणाचा होता. पाळला किती गेला, हे सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात डोकावणाऱ्यास सांगावे लागत नाही. डायपर पाचशे वर्षे कुजत नाही असे पुष्कळदा छापले जाते. ज्या वस्तूचे वय अजून शंभर वर्षेही झालेले नाही, तिच्या पाचशे वर्षांचा साक्षीदार कोठून आणणार? त्यातील पॉलिप्रॉपिलीन व पॉलिथीन ही प्लॅस्टिके दीर्घकाळ टिकतात आणि लगदा, विष्ठा व प्लॅस्टिक एकत्र गुंतल्याने त्यांची वाट लावणे कठीण होते, एवढे खरे असून तेवढे पुरेसे आहे.

पर्यावरणाच्या दृष्टीने कापड श्रेष्ठ, हे गृहीतही तपासून घ्यावयास हवे. ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण संस्थेने २००८ साली एका मुलाच्या अडीच वर्षांचा हिशेब मांडला. हवा तापवणाऱ्या वायूंच्या मापाने टाकाऊ डायपरचा भार सुमारे ५५० किलो आणि कापडी लंगोटांचा सुमारे ५७० किलो भरला. कापड हरले ते धुण्याच्या यंत्रात आणि त्याहूनही वाळवण्याच्या यंत्रात. तेच लंगोट यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या मुलालाही वापरले, तर भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो असे त्याच अहवालात दिसले. २०२३ साली हा हिशेब तेथे नव्याने करण्यात आला, तेव्हा कापडाचा भार टाकाऊ डायपरहून सुमारे पाव हिश्शाने कमी भरला. ज्या देशात दोरी, ऊन आणि धाकटे भावंड यांची वाण कधी पडली नाही, तेथे हा निकाल आणखी कापडाच्या बाजूने झुकावा. पण लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. घागरीला रांग लावणाऱ्या बाईने दिवसाला दहा लंगोट दोन पाण्यांतून काढावेत, हा उपदेश लंडनच्या किंवा मुंबईच्याही कोष्टकावरून करता येत नाही.

धुण्याची रीत जुनीच आहे. घाण आधी शौचकुपात झटकावी, मग लंगोट गार पाण्यात खळबळावा. प्रथमच कढत पाणी घातले तर विष्ठेतील प्रथिने सुतात घट्ट बसतात आणि डाग कायमचा होतो. नंतर साबण व गरम पाणी, आणि साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत साधे पाणी. कारण राहिलेला साबण कातडीला अमोनियाइतकाच बोचतो. मग कडक ऊन. कोकणात आषाढ-श्रावणात हे ऊन मिळत नाही, म्हणून तेथे शेगडीवर उलटी टोपली घालून तिच्यावर बाळोती वाळवीत. धुराचा वास त्यांना लागे खरा, पण दमट लंगोट बाळाला बांधण्यापेक्षा तो बरा. आज पंखा आहे, इस्त्री आहे. त्या टोपलीची गरज उरलेली नाही.

पुष्कळ घरांनी आपापली तडजोड काढलेली आहे : दिवसा घरात कापड, रात्री व प्रवासात डायपर. त्या तडजोडीत डायपरचे दोन नग लागले तरी त्यांतील घाण आधी शौचकुपात टाकता येते, डायपर आतल्या अंगाला गुंडाळून त्याच्याच चिकटपट्टीने बंद करता येतो, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून तिच्यावर लाल खूण करता येते. अशा पुड्यांसाठी ‘स्वच्छ’च्या बायका जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या स्वतः तयार करून विकतात. लाल खुणेची पुडी ढिगात आली, की निवडणारी बाई ती उघडून पाहत नाही. तशीच उचलून बाजूला ठेवते.