दोन आठवड्यांनी विचारायचा प्रश्न

अॅमस्टरडॅमच्या दक्षिणेला, आम्स्टलव्हेनमध्ये, मराठी कुटुंबंही राहतात. सायकल हे इथलं रोजचं वाहन, डोक्यावर हेल्मेट मात्र क्वचित. पडून डोकं आपटलं, क्षणभर शुद्ध हरपली की सीटी स्कॅनची वेळ येते, आणि तो ‘नॉर्मल’ आला की घरच्यांच्या जिवात जीव येतो. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतोही. काहींची डोकेदुखी, थकवा, विसराळूपणा, गोंगाट सहन न होणं मात्र महिनोन्महिने पाठ सोडत नाही. हे लोक वेळीच ओळखता येतील का? बऱ्याच अंशी येतील, असं मला वाटतं. फक्त त्यासाठी अपघाताच्या दिवसावर विसंबून चालणार नाही.

याचा भक्कम पुरावा नेदरलँड्समधलाच आहे. ग्रोनिंगनच्या न्यूरॉलॉजिस्ट यौक्ये व्हान डेर नाल्ट यांचा ‘अपफ्रंट’ अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आला. सहा महिन्यांनंतरही त्यातले सुमारे ४४ टक्के रुग्ण पूर्ण बरे झालेले नव्हते. निव्वळ आपत्कालीन विभागातल्या नोंदींवरून केलेल्या भाकिताला ०.६९ गुण मिळाले. दोन आठवड्यांनंतरची माहिती जोडली तेव्हा ०.७७. म्हणजे बरा होणारा एक आणि न होणारा एक अशा जोड्या घेतल्या, तर शंभरातल्या ७७ जोड्यांत अंदाज बरोबर येतो. नाणं उडवून ५० येतील. ही भर पडली ती चिंता, उदासी आणि संकटाला तोंड देण्याची रीत यांच्या नोंदींमुळे. मानसिक त्रासाचा पूर्वेतिहासही महत्त्वाचा ठरला.

यावर रुग्ण दुखावून विचारेल, ‘म्हणजे हे सगळे माझ्या मनाचे खेळ?’ मुळीच नाही. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात सीटी नॉर्मल असलेल्या २७ टक्के रुग्णांच्या एमआरआयमध्ये इजेच्या खुणा सापडल्या. मेंदूला धक्का बसतो तो झोप, मन आणि विचार चालवणाऱ्या अवयवालाच. तिथे शरीराचं दुखणं आणि मनाचं दुखणं वेगळं काढणार कसं? रुग्णाला ‘काही झालेलं नाही’ म्हणून वाटेला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ‘तुमचा त्रास लांबू शकतो’ असं सांगितलं की भीतीनंच तो वाढणार नाही का? वाढू शकतो. म्हणून भाकीत निकालासारखं ऐकवू नये. कोणाची पुन्हा विचारपूस करायची, हे ठरवायला ते वापरावं. ०.७७ ची अचूकता एकट्या माणसाचं भविष्य सांगायला अपुरी आहे, या कामाला पुरते. त्याच डच प्रकल्पात जोखीम जास्त असलेल्या रुग्णांवर दोन उपाय ताडून पाहिले गेले: मानसोपचाराच्या बैठका आणि फोनवरून दिलेला सल्ला. कामावर परतण्यात फरक दिसला नाही. वर्षानंतर पूर्ण बरे झालेले मात्र फोनच्या गटात जास्त निघाले. नेदरलँड्समध्ये हा फोन ‘हाउसआर्ट्स’, म्हणजे घरचा डॉक्टर, करू शकतो. पुण्या-नाशकात दुचाकीवरून पडून, टाके घालून घरी गेलेल्याला पंधरवड्यानं झोप कशी लागते, धास्ती वाटते का, काम झेपतं का, एवढं विचारायला नवं यंत्र लागत नाही.